ग्रँट लिहायला शिकायचंय? आधी आउटबॉर्नचं रजिस्टर उघडा

प्रश्न थोडक्यात असा: एमडी पीडियाट्रिक्स करून मराठवाड्यातल्या एका सरकारी मेडिकल कॉलेजात असिस्टंट प्रोफेसर म्हणून लागून तीन वर्षं झाली. वय ३६. बाहेरून रेफर होऊन येणारी नवजात बाळं थंड पडलेली असतात, त्यावर संशोधन करायचं आहे. आयसीएमआरला (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेला) दोनदा प्रपोजल पाठवलं, दोन्ही वेळा नामंजूर. प्रपोजल आणि नकाराची पत्रं सोबत जोडली आहेत. आता ग्रँट रायटिंगची दोन दिवसांची कार्यशाळा करावी, पीएचडीला नाव घालावं, की या वयात आणि एवढ्या ड्यूट्यांमध्ये हा नाद सोडून द्यावा?

नाद सोडू नका. तुमचा विषय कुठल्या जर्नलमधून उचललेला नाही. रात्री दोन वाजता रुग्णवाहिकेतून आलेल्या बाळाच्या पावलाला हात लावल्यावर तो तुम्हाला सापडला आहे, आणि असे विषय टिकतात. मी नवजात शिशू विभागात चोवीस वर्षं काम करते आहे. गेली बरीच वर्षं इतरांची प्रपोजल्स तपासते आणि तरुण शिक्षकांना ती लिहायला शिकवते. त्या अनुभवावरून सांगते, तुम्हाला लिहिता येत नाही म्हणून तुमचं प्रपोजल पडलेलं नाही. लिहायला बसण्याआधीचं काम राहिलं म्हणून ते पडलं आहे.

तुमचं शीर्षक बघा: 'अ स्टडी ऑफ नीओनेटल हायपोथर्मिया, इट्स डिटर्मिनन्ट्स अँड आउटकम इन अ टर्शरी केअर सेंटर'. खाली उद्दिष्टं सात. हे थिसिसचं शीर्षक आहे. आपल्याकडे संशोधनाशी बहुतेकांची पहिली गाठ थिसिसमध्येच पडते, आणि थिसिस ही पैशाशिवाय, एका पीजीने (पदव्युत्तर विद्यार्थ्याने), ठरलेल्या मुदतीत उरकायची गोष्ट असते. म्हणून तिचा प्रश्न असतो, 'आमच्याकडे काय दिसतं?' अनुदान देणाऱ्याचा प्रश्न वेगळा असतो. हे पैसे दिले तर काय कळेल, ते कळल्यावर कोण काय वेगळं करेल, आणि हे काम तुम्हीच का करायचं? तुमच्या सात उद्दिष्टांत या तिन्हींचं उत्तर नाही. 'या भागात असा अभ्यास झालेला नाही' हे वाक्य तुम्ही दोनदा लिहिलं आहे. तपासणाऱ्याला ते पटत नाही, कारण न झालेले अभ्यास अगणित असतात.

मग आधीचं काम म्हणजे काय? मोजणं. तुमच्या विभागातल्या आउटबॉर्न, म्हणजे बाहेर जन्मून तुमच्याकडे आलेल्या, बाळांचं रजिस्टर उघडा. समजा महिन्याला ६० बाळं बाहेरून येतात. आल्या आल्या त्यांचं तापमान घेतलं जातं का? कुठल्या थर्मामीटरने? जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येप्रमाणे नवजात बाळाचं तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस असायला हवं. ३६.० ते ३६.४ म्हणजे सौम्य, ३२.० ते ३५.९ म्हणजे मध्यम आणि ३२च्या खाली गेलं तर तीव्र हायपोथर्मिया, म्हणजे अंग थंड पडणं. वॉर्डातल्या साध्या पाऱ्याच्या थर्मामीटरची पट्टी ३५ला सुरू होते आणि बरेचसे डिजिटल थर्मामीटर ३२च्या खाली आकडा दाखवत नाहीत. म्हणजे ज्या बाळांचा तुम्हाला सगळ्यात जास्त घोर आहे, तीच तुमच्या उपकरणाच्या पट्टीबाहेर आहेत. तुमच्या प्रपोजलमध्ये 'स्टँडर्ड क्लिनिकल थर्मामीटर' असं लिहिलं आहे. नवजात शिशूंमध्ये काम केलेला कुणीही तपासनीस इथेच थांबेल, आणि पुढची वीस पानं तो फार तर चाळेल. लो-रीडिंग थर्मामीटर, तो कुठे आणि किती वेळ लावायचा, नोंद कोण करणार, ड्यूटीवरच्या दोन सिस्टरांच्या वाचनात फरक किती येतो, हे चार मुद्दे लिहिले असते तर तुमचं काम जमिनीवरचं आहे हे त्याला तिथेच कळलं असतं.

आता सॅम्पल साइझ. तुम्ही तो दुसऱ्या राज्यातल्या एका अभ्यासातून जसाच्या तसा उचलला आहे. असं करू नका. पीएसएममध्ये (सामाजिक वैद्यकशास्त्रात) आपण सगळ्यांनी घोकलेलं सूत्र घ्या, ४ पीक्यू भागिले एल वर्ग (पी म्हणजे टक्केवारी, क्यू म्हणजे १०० वजा पी, एल म्हणजे चालणारी चूक). समजा तुमच्याकडे १०० पैकी ४० बाळं मध्यम किंवा त्याहून जास्त थंड येतात आणि हा आकडा पाच टक्के इकडेतिकडे धरून हवा आहे. ४ गुणिले ४० गुणिले ६०, भागिले २५, म्हणजे ३८४ बाळं. महिन्याला ६० या हिशेबाने सात महिन्यांचं काम. त्याला आयसीएमआरच्या मोठ्या अनुदानाची गरज नाही. एक नीट आखलेला रकाना, चांगले थर्मामीटर आणि एथिक्स कमिटीची मंजुरी एवढ्यावर ते होतं. हा तुमचा पाया.

या पायावर पुढचा प्रश्न उभा राहतो, आणि पैसे मागायचे ते त्यासाठी. समजा तुम्हाला असं बघायचं आहे की प्राथमिक आरोग्य केंद्रातून बाळ निघताना त्याला आईच्या किंवा आजीच्या छातीशी, उघड्या अंगाला लावून आणलं तर थंड पडणं कमी होतं का. हे ४० टक्क्यांवरून ३० टक्क्यांवर आणायचं, ८० टक्के पॉवर (खरा फरक असेल तर तो सापडण्याची शक्यता), पाच टक्के अल्फा (नसलेला फरक दिसण्याची शक्यता). प्रत्येक गटात सुमारे ३५३ बाळं लागतील. पण थांबा. एकाच केंद्रातल्या एका बाळाला छातीशी लावा आणि दुसऱ्याला लावू नका असं सिस्टरांना सांगता येणार नाही. ज्या हातांनी शिकलं ते सगळ्यांनाच लावणार. म्हणजे चिठ्ठी बाळांवर न टाकता केंद्रांवर टाकावी लागेल. एका केंद्रातली बाळं एकमेकांसारखी असतात, त्याची भरपाई आकड्यात करावी लागते. केंद्रामागे २० बाळं आणि हे साम्य, म्हणजे केंद्रांतर्गत सहसंबंध, ०.०२ धरला तर ३५३ला १.३८ने (१ अधिक १९ गुणिले ०.०२) गुणायचं, ४८७ होतात. गटाला २५ केंद्रं, एकूण ५०. तुमच्या जिल्ह्यात एवढी केंद्रं नसतील तर शेजारच्या जिल्ह्यातला सहसंशोधक लागेल.

इथे एक मोह होतो. ४० वरून ३०च्या ऐवजी ४० वरून २५ धरलं की आकडा गटाला १४९ वर येतो, भरपाई धरून २०६, आणि एका जिल्ह्यात सगळं बसतं. पण २५ टक्क्यांपर्यंत उतरेल असं मानायला आधार काय? आपल्याला परवडतं म्हणून फरक मोठा धरला की तपासणाऱ्याला ते लगेच दिसतं. आधार हवा तर तो पायलटमधूनच, म्हणजे आधी केलेल्या छोट्या अभ्यासातूनच येतो. हे गणित एकट्याने करू नका. बायोस्टॅटिस्टिशियनला (संख्याशास्त्रज्ञाला) प्रपोजल तयार झाल्यावर सहीपुरतं भेटायचं ही आपल्याकडची रीत मोडा. पहिल्या पानापासून त्यांना सोबत घ्या, सहसंशोधक म्हणून नाव घाला. कॉलेजात कुणी नसेल तर पीएसएम विभागातली एखादी आकड्यांत रमणारी व्यक्ती शोधा. प्रत्येक कॉलेजात एक तरी असते.

मोजण्यावर मी इतकं का अडून बसते? गडचिरोलीचं उदाहरण माझ्या डोळ्यांसमोर असतं. तिथल्या 'सर्च' या आपल्या संस्थेत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी घरोघरच्या नवजात बालसेवेचा प्रयोग केला. ३९ गावांत सेवा, ४७ गावं तुलनेसाठी. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये त्याचे निष्कर्ष आले: नवजात मृत्युदर तिसऱ्या वर्षी ६२ टक्क्यांनी कमी. हा आकडा सगळ्यांना पाठ असतो. त्याआधीचं एक वर्ष कुणाच्या ध्यानात नसतं. १९९५-९६ मध्ये त्यांनी या ३९ गावांतली ७६३ नवजात बाळं घरी जाऊन नुसती पाहिली. कुठल्या दिवशी काय आजार होतो, कितीजण दवाखान्यापर्यंत पोचतात, हे लिहून काढलं. सेवेची आखणी त्या नोंदींतून झाली. पुढे २०११ पासून आशा कार्यकर्तीच्या गृहभेटींच्या रूपाने ते काम देशभर गेलं. पुण्याजवळच्या सहा गावांत डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने १९९३ पासून गरोदर होण्याआधीपासूनच्या बायकांची वजनं-मापं घेतली, आणि पुढे त्यांच्या मुलांचा माग ठेवला. तिथेही आधी वर्षानुवर्षं मोजमाप आहे. करिअर असं एका प्रश्नाभोवती वाढतं. दर वर्षी अनुदानाच्या नव्या कॉलप्रमाणे (अर्जांच्या आवाहनाप्रमाणे) विषय बदलणाऱ्या माणसाचं नाव कुठल्याच प्रश्नाशी जोडलं जात नाही.

आता कार्यशाळेबद्दल. दोन दिवसांच्या, दोनशे जणांच्या सभागृहात स्लाइड्स दाखवणाऱ्या कार्यशाळेला पैसे भरू नका. त्यातून शब्द मिळतात, आणि ते तुमच्याकडे आधीच आहेत. चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेचा 'बेसिक कोर्स इन बायोमेडिकल रिसर्च' तुम्ही शिक्षक म्हणून केला असेलच. बरेच जण तो व्हिडिओ चालू ठेवून ओपीडीत बसतात आणि परीक्षेपुरता वाचतात. प्रमाणपत्र मिळालं असेल तरी तुमचा विषय समोर ठेवून तो पुन्हा एकदा बघा, फार उपयोगी आहे. पण त्याने प्रपोजल लिहून होत नाही.

ज्यात तुमचाच कागद टेबलावर येतो, ते प्रशिक्षण खरं. याचा आपल्याजवळचा उत्तम नमुना म्हणजे टाटा मेमोरियल आणि नॅशनल कॅन्सर ग्रिडची 'क्रेडो' कार्यशाळा. २०१५ पासून चालते, सहा दिवस निवासी. निवड होऊन येणारा डॉक्टर एक कल्पना घेऊन येतो. रोज त्याच्या मसुद्यावर संशोधक आणि संख्याशास्त्रज्ञ बसतात, रात्री तो पुन्हा लिहितो, आणि जाताना हातात पूर्ण प्रोटोकॉल असतो. ती कर्करोगापुरती आहे, तुमच्या कामाची नाही. पण कुठलीही कार्यशाळा निवडताना हीच कसोटी लावा: माझा मसुदा कोण वाचणार, किती वेळा वाचणार, आणि कार्यशाळा संपल्यावर तीन महिन्यांनी फोन कोण उचलणार? बायोटेक्नॉलॉजी विभाग आणि वेलकम ट्रस्ट यांची 'इंडिया अलायन्स' २००८ पासून आहे. डॉक्टरांना संशोधनाकडे आणण्यासाठी त्यांच्याही कार्यशाळा होतात, त्यांवर लक्ष ठेवा. त्यांच्या फेलोशिप पाच वर्षांच्या असतात आणि त्यात माणसावर पैसे लावलेले असतात. दोन-तीन वर्षांनी, पायलट छापून आल्यावर, तो दरवाजा तुमच्यासाठी आहे.

बाहेर काहीच मिळालं नाही तरी कॉलेजात हे उभं करता येतं. आमच्याकडे आम्ही पाच जण महिन्यातल्या एका गुरुवारी दुपारी तीन वाजता बसायचो. एकाने एकच पान आणायचं. त्यावर प्रश्न, का, कुणावर, काय मोजणार, किती जण, किती पैसे. बाकीच्यांनी ते तिथेच वाचायचं आणि लिहिणाऱ्याने वीस मिनिटं तोंड उघडायचं नाही. ही शेवटची अट फार महत्त्वाची, कारण तपासणाऱ्यापुढे तुम्ही खुलासा करायला नसता. माझ्या एका सहकारी बाईंनी पहिल्या वेळी आणलेल्या पानावर चार उद्दिष्टं होती. सर्जरीचे आमचे एक मित्र वाचून म्हणाले, 'मला यातलं काहीच कळलं नाही, पण तिसरं वाचल्यावर पुढे काय झालं ते जाणून घ्यावंसं वाटलं.' बाईंनी उरलेली तीन कापली. पुढच्या वर्षी त्या तिसऱ्या उद्दिष्टाला पैसे मिळाले. वेगळ्या शाखेचा वाचक हवाच. समितीतही सगळे तुमच्या शाखेचे नसतात.

पीएचडीचं विचारलंत. बढतीसाठी तुम्हाला ती लागत नाही. पद्धतशास्त्रात खोल उतरायचं असेल, चांगला मार्गदर्शक समोर असेल आणि तुमचाच प्रश्न पीएचडीचा विषय होणार असेल, तर जरूर करा. नुसतं प्रपोजल मंजूर व्हायला मदत होईल म्हणून करू नका. त्या वेळात होणारं पायलट आणि दोन चांगले पेपर तुम्हाला जास्त पुढे नेतील. ३६ हे वय अडचणीचं नाही. एमबीबीएस, बॉण्ड (सक्तीची सरकारी सेवा), एमडी, पुन्हा बॉण्ड यात आपल्याकडच्या डॉक्टरची तिशी जातेच. बायकांची त्यात बाळंतपणं येतात. कॉलचे वयाचे आणि अनुभवाचे निकष नीट वाचा. सवलत असेल तर संकोच न करता घ्या.

वेळेची अडचण खरी आहे, ती मी कमी लेखणार नाही. अमेरिकेत एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेचं के-२३ अनुदान मिळालेल्या तरुण डॉक्टरला किमान ७५ टक्के वेळ संशोधनासाठी राखून द्यावा लागतो, आणि मार्गदर्शक कोण हे अर्जातच ठरलेलं असतं. आपल्याकडे अनुदान मिळतं, पण ओपीडी, इमर्जन्सी, लेक्चर आणि इन्स्पेक्शन तेवढंच राहतं. यावर धोरण बदलायला हवं असं मला मनापासून वाटतं आणि जिथे संधी मिळते तिथे मी ते बोलते. तोवर दोन गोष्टी करा. एचओडींकडून आठवड्यातली एक दुपार लेखी मागून घ्या. तोंडी मिळालेली दुपार पहिल्या गर्दीच्या दिवशी जाते. दुसरं, एमबीबीएसचा एखादा चुणचुणीत विद्यार्थी आयसीएमआरच्या शॉर्ट टर्म स्टुडंटशिपसाठी सोबत घ्या. १९७९ पासून चालणारी ही योजना आहे, दोन महिन्यांचा छोटा प्रकल्प, मुलाला मानधन मिळतं. तुमच्या ३८४ बाळांपैकी दोन महिन्यांची बाळं त्याच्या प्रकल्पात बसतील. त्याचं नाव पेपरवर घाला आणि त्याला खरंच शिकवा. कॉलेजात डीएचआरचं (केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाचं) मल्टिडिसिप्लिनरी रिसर्च युनिट असेल तर तिथेही विचारा. असल्या युनिटांची यंत्रं कित्येकदा विचारणाऱ्याची वाट बघत असतात.

आयसीएमआरच्या स्मॉल ग्रँटची मर्यादा दोन कोटींपर्यंत आहे. नावात 'स्मॉल' असलं तरी पायलटचा आकडाही हातात नसताना तिथून सुरुवात करणं म्हणजे स्पर्धेत अनुभवी लोकांसमोर मोकळ्या हातांनी जाणं. तुम्ही दोन्ही वेळा तेच केलंत.

बजेटचं पान लोक शेवटच्या रात्री भरतात, तपासणारे मात्र ते मेथड्सशेजारी ठेवून वाचतात. पन्नास केंद्रं लिहिली आणि प्रवासाला हजारो रुपयेच धरले, की तुम्ही त्या केंद्रांवर कधी गेला नाहीत हे उघड होतं. वेळापत्रकात पहिल्या महिन्यापासून बाळांची नोंद सुरू दाखवू नका. जाहिरात, मुलाखती, नेमणूक, प्रशिक्षण यात तीन-चार महिने सहज जातात. चाचणी असेल तर पहिलं बाळ घेण्याआधी सीटीआरआयवर (देशाच्या क्लिनिकल ट्रायल नोंदवहीत) नोंदणी झालेलीच हवी, १ एप्रिल २०१८ पासून तिथे मागाहून नोंद करता येत नाही.

आणि पैसे आल्यावरचं कुणी शिकवत नाही म्हणून सांगते. माझ्या पहिल्या प्रकल्पात मंजुरीपत्रावरचं खातं एक आणि कॉलेजने कळवलेलं दुसरं, अशी गल्लत झाली. माझ्या फील्ड वर्कर मुलीला पाच महिने पगार मिळाला नाही. ती आठवड्यातून चार दिवस एसटीने गावांत जात होती आणि एकदाही कामावर यायची थांबली नाही. ते मला अजून लागून राहिलं आहे. तेव्हापासून अर्ज पाठवण्याआधीच मी लेखा विभागात जाऊन बसते. पैसे कुठल्या खात्यात येणार, काढण्याचे अधिकार कुणाचे, खरेदी जेमवरून (सरकारी ऑनलाइन बाजारातून) होणार का, युटिलायझेशन सर्टिफिकेट (पैसे कसे वापरले त्याचा दाखला) कोण तयार करणार, हे लेखापालांशी बोलून कागदावर घेते. ते सर्टिफिकेट वेळेत गेलं नाही की दुसरा हप्ता अडतो, आणि मग अशाच एखाद्या मुलीचा पगार अडतो. सरकारी नोकरीत बदलीची टांगतीही असते, म्हणून सहसंशोधक असा निवडा की तुमची बदली झाली तरी तो काम पुढे नेईल. नावापुरता वरिष्ठ नको.

नकाराच्या पत्राबद्दल शेवटचं. तुम्हाला एकदा एका ओळीचा शेरा आला आणि दुसऱ्यांदा तीन मुद्दे आले. ते तीन मुद्दे तुम्ही 'समितीला विषय कळला नाही' म्हणून बाजूला ठेवलेत. ते परत काढा. त्यातला दुसरा मुद्दा आहे, 'आउटबॉर्न बाळांच्या तापमानाची सध्याची आकडेवारी दिलेली नाही.' समितीला विषय कळला होता. तो एक मुद्दा घेऊन उद्या विभागात जा आणि रजिस्टरच्या पानावर 'आल्यावेळचं तापमान' असा रकाना आहे का ते बघा. नसेल तर इन्चार्ज सिस्टरांना विचारून पट्टीने आखून घ्या, शेजारी वेळ लिहायला आणि बाळ कुठल्या केंद्रातून आलं ते लिहायला जागा ठेवा. एथिक्सचा अर्ज त्याच आठवड्यात टाका. सात महिन्यांनी तुमच्याकडे एक पान तयार असेल, ते मला पाठवा, मी वाचेन.